डोमाला दिलेल्या चार हाका

गेल्या मोहाच्या हंगामात, एका शनिवारी भर दुपारी, माझ्या वडिलांचा मोबाइल आमच्या घरच्या नेटवर्कला जोडलेला दिसत होता. वडील त्या वेळी घरापासून दोन-तीन किलोमीटरवर, जंगलातल्या नाल्याजवळ होते. मोबाइल त्यांच्या खिशात होता आणि बंद होता. मी घरातल्या कॉम्प्युटरवरून त्या मोबाइलला लागोपाठ चार हाका दिल्या. तिसरीला उत्तर आलं.

घडलं ते एवढंच. बाकी सगळा तपशील आहे.

माझं आयुष्य वर्तमानपत्राच्या डेस्कवर गेलं. आधी नागपुरात, आता घरूनच. तालुक्यातून येणाऱ्या बातम्यांत वर्षातून दोन-चार तरी अशा असायच्या – चकवा लागला, विहिरीतून आवाज आला, मेलेला माणूस बाजारात दिसला. मी वार्ताहराला फोन करून विचारायचो – प्रत्यक्ष पाहणारा कोण, आणि त्याचं नाव छापायचं का? बहुतेक बातम्या त्या फोनवरच संपायच्या. त्यामुळे आज त्याच प्रकारचं काही स्वतः लिहायला बसलोय याचा मला आनंद नाही. निदान ते दोन प्रश्न मी स्वतःला विचारले आहेत. पाहणारे कोण ते खाली येईलच.

आमचं गाव चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल तालुक्यात. गावाच्या एका अंगाला धानाच्या बांध्या, दुसऱ्या अंगाला बोडी – म्हणजे शेताला पाणी देणारं लहान तळं – आणि तिच्या पलीकडे जंगल. घर लांबट, तीन खोल्यांचं. पुढच्या खोलीत माझी बायको वंदना ऑनलाइन अर्ज भरणं, प्रिंट, झेरॉक्स असं दुकान चालवते. तिथे तिचा वायरने जोडलेला कॉम्प्युटर आणि प्रिंटर. मधली खोली बाबांची. इंटरनेटचं कनेक्शनही तिथेच येतं. मागच्या खोलीत मी, माझा लॅपटॉप आणि वाय-फाय.

आता वैतागाची गोष्ट. एकाच घरात असून माझा लॅपटॉप आणि वंदनाचा कॉम्प्युटर एकमेकांना ओळखत नव्हते. दोघांना इंटरनेट मिळत होतं, पण लॅपटॉपवरून प्रिंट द्यायची म्हटली तर प्रिंटर सापडायचा नाही. मी पेनड्राइव्ह घेऊन मागून पुढे जायचो, गिऱ्हाइकांच्या रांगेत उभा राहायचो, आणि वंदना मला माझा नंबर आला की बोलवायची.

केबलवाल्याला फोन केला.

"सर, नेट चालू आहे ना?"

"चालू आहे. पण दोन्ही कॉम्प्युटर एकमेकांना दिसत नाहीत."

"दिसून काय करायचं आहे सर? दोघाईवर व्हिडिओ चालते ना?"

कारण शेवटी मीच शोधलं. केबलवाल्याने नवा राऊटर बसवला तेव्हा पुढच्या खोलीतला जुना राऊटर तसाच ठेवला होता. नवा राऊटर वाय-फायवाल्यांना पत्ते वाटत होता, जुना वायरवाल्यांना. एका गावात दोन ग्रामसेवक असावेत आणि दोघांनीही घरांना आपापले नंबर द्यावेत, तसं. उपाय सोपा होता. जुन्याचं पत्ते वाटणं बंद करायचं आणि वायर त्याच्या इंटरनेटच्या भोकातून काढून शेजारच्या साध्या भोकात घालायची. सोपा उपाय करायला मला अख्खा आठवडा लागला. एकदा जुना राऊटर असा बंद झाला की त्याच्या आत शिरायची वाटच उरली नाही. एकदा दोघांचा स्वतःचा पत्ता एकच निघाला आणि घरातलं सगळं इंटरनेट गेलं. नेमक्या त्याच दिवशी वंदनाकडे शिष्यवृत्तीच्या अर्जांची शेवटची तारीख होती.

"पेनड्राइव्ह घेऊन चार पावलं चालाले तुमाले काय होते जी?" वंदना म्हणाली.

"प्रश्न चालण्याचा नाही. एका घरात दोन नेटवर्क असणं चूक आहे."

"मंग चूक राहू द्या ना. माह्या दुकानात लोक बसून आहेत."

आठवडाभराने जमलं. वायरवाले आणि बिनवायरवाले एका यादीत आले. प्रत्येक यंत्राला मी एक कायमचा पत्ता दिला आणि लक्षात राहील असं एक नाव – दुकान, प्रिंटर, लॅपटॉप, आणि वंदनाच्या मोबाइलला वंदना. शेवटी बाबांचा मोबाइल राहिला. त्यांना जंगलातल्या झाडापाखरांचे फोटो काढायचा नाद आहे, आणि ते दुकानातल्या मोठ्या पडद्यावर पाहायचे होते.

"तुमच्या फोनला काय नाव देऊ, बाबा?"

उत्तर नाही. पुन्हा विचारलं. उत्तर नाही. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा म्हणाले, "डोमा लिही."

इथे बाबांबद्दल सांगायला हवं. त्यांचं नाव नामदेव. गाव त्यांना नामदेवभाऊ म्हणतं. नोकरी वनखात्यात, वनमजूर म्हणून, आणि ती बरीचशी गडचिरोली जिल्ह्यात, आलापल्लीच्या बाजूच्या जंगलात. तिथल्या कॅम्पात कूप – म्हणजे तोडणीसाठी आखून दिलेला जंगलाचा तुकडा – तोडायला गेलेल्या माणसांची एक रीत होती. जंगलात कोणी नावाने हाक मारली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. दुसऱ्याही नाही. माणूस असेल तर तो तिसऱ्यांदा हाक मारतोच, तेव्हा ओ द्यायची. निवृत्तीनंतर बाबा घरी आले, पण ही सवय सुटली नाही. जेवायला बोलवा, चहा झालाय म्हणून सांगा, दारात कोणी आलंय म्हणून सांगा – तिसऱ्या हाकेशिवाय ते 'ओ' म्हणत नाहीत.

यावरून आमच्या घरात रोज भांडण होतं.

"बाबा, तुमाले ऐकू येते ना? मंग पहिल्यांदा काऊन बोलत नाई?" वंदना विचारते. "भात थंडा होऊन राह्यला."

"सवय आहे, व."

"हे घर आहे का कॅम्प?"

"म्या कुठी म्हटलं कॅम्प आहे? तू हाक मारत जा, मी ओ देत जाईन."

डोमा हे नाव मी त्याआधी दोन-तीनदाच ऐकलं होतं. त्यांची आई त्यांना डोमा म्हणायची, आणि कॅम्पातले तीन-चार सोबती. आजी मी लहान असतानाच गेली. सोबत्यांपैकी आता कोणी नाही. मोबाइलला हे नाव का द्यायचं, हे मी विचारलं नाही. त्या वेळी रात्रीचं जेवण आणि राऊटर दोन्ही माझ्या डोक्यात होती.

नाव दिल्यावर मी नेटवर्क तपासलं. यासाठी एक साधी आज्ञा असते. एका यंत्रावरून दुसऱ्याचं नाव लिहायचं आणि एन्टर दाबायचं. आपला कॉम्प्युटर त्या यंत्राला एकामागून एक चार हाका देतो आणि प्रत्येक हाकेपुढे उत्तर आलं की नाही ते पडद्यावर लिहितो. फोन वाजत नाही, हलत नाही. ज्याच्या हातात तो आहे त्याला काही कळत नाही. यंत्र यंत्राला विचारतं, इतकंच.

मी दुकानातल्या कॉम्प्युटरवर 'डोमा' लिहिलं. चारही हाकांना लगेच उत्तर आलं.

"बघा बाबा, तुमचा फोन तुमच्यापेक्षा बरा. पहिल्या हाकेला ओ देतो."

"नवा आहे थो," बाबा म्हणाले.

हे बुधवारी. शुक्रवारी संध्याकाळी मी जास्तीच्या वायरी जोडायचं एक खोकं आणलं, कारण दुकानातल्या जुन्या राऊटरच्या भोकांत आता जागा उरली नव्हती. ते मधल्या खोलीत ठेवलं. तिथल्या एक्स्टेन्शन बोर्डावर सगळ्या जागा भरलेल्या. मी एक पिन काढली आणि खोक्याची लावली. कुठली पिन काढली ते त्या वेळी पाहिलं नाही.

शनिवारी उजाडायच्या आधी बाबा मोह वेचायला निघाले. आमच्याकडे मोहाची झाडं जंगलात असली तरी घरागणिक वाटलेली असतात. अमक्याचं झाड ते अमक्याचं, तिथे दुसरा टोपली घेऊन जात नाही. आमचं झाड नाल्याच्या पलीकडे, सगळ्यात लांबचं. त्या आठवड्यात नाल्याकडे पिल्लांसकट वाघीण दिसली होती. वनखात्याची गाडी भोंगा लावून गावोगाव फिरत होती – एकट्याने जंगलात जाऊ नका, मोह वेचताना वाकून बसू नका, गटाने जा.

वंदनाने त्यांना दारात अडवलं होतं. "बाबा, वाघीण आहे म्हणते तिकडे. आजचा दिवस राहू द्या ना."

"तिचंबी घर आहे थे. मी तिच्या वाटेत जात नाई, ते माह्या वाटेत येत नाई. आणि शालिक आहे सोबत." बाबांनी मोबाइल खिशात टाकला आणि गेले. वंदनाने त्यांच्यामागे दार लावलं. खिशात मोबाइल टाकताना तिने पाहिलं, हे ती तेव्हाही म्हणत होती आणि आजही म्हणते.

शालिकभाऊ आमचे शेजारी. बाबांपेक्षा वयाने थोडे लहान. ऊन चढायच्या आत ते टोपली भरून परत आले.

"नामदेवभाऊ आले का?"

"तुमच्यासोबत होते ना?"

"माहं झाड आधी सरलं. म्हटलं, चला भाऊ. तं म्हणे, तू चाल, मले थोडं बाकी आहे."

दुपार झाली. बाबा आले नाहीत. मी फोन लावला. फोन बंद किंवा रेंजबाहेर असल्याची ध्वनिफीत ऐकू आली. त्यातून काहीच सिद्ध होत नव्हतं. आमच्या मधल्या खोलीत मोबाइलची रेंजच नाही. बाबा पलंगावर बसलेले असले तरी तीच बाई तेच सांगते.

शालिकभाऊंनी चार-पाच माणसं गोळा केली. काठ्या घेतल्या, एकाने थाळी आणि चमचा घेतला, वाजवायला. ते आमच्या दारात उभे होते तेव्हा मी दुकानातल्या कॉम्प्युटरवर सहज नेटवर्कची यादी उघडली. दुकान – हिरवं. प्रिंटर – हिरवा. लॅपटॉप, वंदना – हिरवे. डोमा – हिरवा.

मी म्हणालो, "थांबा. फोन घरातच आहे."

आमचं वाय-फाय गोठ्यापर्यंतसुद्धा पोचत नाही. मोबाइल यादीत हिरवा दिसतोय म्हणजे तो घराच्या भिंतींच्या आत असला पाहिजे. आणि तो आत असेल तर बाबा जंगलातून येऊन, मोबाइल टाकून, परत कुठेतरी गेले असले पाहिजेत. बोडीवर आंघोळीला, किंवा कोणाच्या तरी ओसरीवर. त्या वेळी मला हा तर्क पक्का वाटला.

"बाबांच्या खिशात फोन होता," वंदना म्हणाली. "मी पाह्यला."

"मग आणून ठेवला असेल."

"कवा? मी सकाळपासून इथीच बसून आहे. तुमच्या त्या डब्याले जे दिसते थे मले दिसत नाई का?"

"बाबू," शालिकभाऊ म्हणाले, "फोन घरी राहो नाई तं कुठी बी राहो. माणूस घरी नाई ना? आमी निघतो."

"पाच मिनिटं. तुम्हाला दाखवतो. या, इथे बसा."

मी त्यांना कॉम्प्युटरसमोर बसवलं. त्याच वेळी वनखात्याची गाडी रस्त्यावर आली. भोंग्यात एकमेकांचं बोलणं ऐकू येईना, म्हणून मी थांबलो. गाडी पुढे चौकातल्या हापशीजवळ जाऊन उभी राहिली आणि भोंगा बंद झाला. मी 'डोमा' लिहिलेलं होतंच. एन्टर दाबलं.

पहिली हाक – उत्तर नाही.

दुसरी – उत्तर नाही.

तिसरी – उत्तर आलं.

चौथी – उत्तर नाही.

शालिकभाऊंना इंग्रजी अक्षरं वाचता येतात. त्यांनी बोट लावून ओळी पाहिल्या आणि मी काय आहे ते सांगितल्यावर म्हणाले, "हे तं नामदेवभाऊसारखंच झालं गा. तिसऱ्या हाकेले ओ."

दारातली माणसं हसली. मीही हसलो. वंदना हसली नाही.

पडदा विझून मोबाइल झोपेत गेला की एखाद-दुसरी हाक चुकवतो, हे मला माहीत होतं. त्यामुळे तीन हाका फुकट गेल्या याचं मला काही वाटलं नाही. एका उत्तराने माझं म्हणणं सिद्ध झालं होतं. आम्ही घर शोधलं. बाबांचा पलंग उचलला, गादी झटकली, धानाच्या ढोलीमागे पाहिलं, त्यांच्या धुतलेल्या-न धुतलेल्या सगळ्या कपड्यांचे खिसे उलटे केले. मोबाइल नव्हता. मी परत कॉम्प्युटरकडे आलो आणि पुन्हा हाका दिल्या. चारांपैकी एकालाही उत्तर नाही. यादी पाहिली तर डोमाचं नाव आता हिरव्याचं राखाडी झालं होतं.

वंदना दारात येऊन उभी राहिली. "झालं तुमचं? आता जा. नाई तं मी जातो यांच्यासंगं."

आम्ही निघालो. बाहेर पडताना मी पायांत चप्पल घातली आहे की नाही हेही पाहिलं नव्हतं. थाळी वाजवत नाल्याच्या वाटेला लागलो. मी मनात हिशेब करत होतो की माझ्यामुळे किती वेळ गेला, आणि तो हिशेब पूर्ण करायची माझी तयारी नव्हती.

बोडीच्या पाळीपर्यंत आलो तेव्हा बाबा समोरून येताना दिसले. नाल्याच्या वाटेने नाही, उलट्या बाजूने, शेतांतून, डोक्यावर मोहाची टोपली घेऊन.

"थाळी काऊन वाजवून राह्यले?" त्यांनी विचारलं. "लग्न आहे का कोणाचं?"

मी काहीतरी बोललो. काय ते आठवत नाही. चांगलं नसावं, कारण शालिकभाऊंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "आले ना घरी. आता राहू दे."

पुढचा भाग बाबांनी अंगणात बसून सांगितला. वंदना, शालिकभाऊ आणि मी समोर होतो. तोवर त्यांना कोणीही कॉम्प्युटरबद्दल, यादीबद्दल किंवा हाकांबद्दल काही सांगितलेलं नव्हतं. हे मी नंतर वाटेत बरोबर असलेल्या प्रत्येकाला वेगवेगळं विचारून खात्री करून घेतलं आहे.

"वेचून झालं अन् झाडाखाली टेकलो. डोळा लागला," बाबा म्हणाले. "उठलो तं ऊन डोक्यावर. टोपली घेतली अन् नाल्याच्या वाटेनं निघालो. गाडीचा भोंगा ऐकू येत होता गावाकून. मंग थो बंद झाला. बंद झाला अन् हाक आली."

"कोणाची?" वंदनाने विचारलं.

"काय माहीत. बाईची नाई, माणसाची नाई. हाक होती. डोमा म्हणून."

शालिकभाऊंनी दुकानाच्या दाराकडे पाहिलं.

"म्या म्हटलं, डोमा म्हणणारे सारे गेले. आता कोण आहे? जागीच उभा राह्यलो. पुन्हा आली – डोमा. म्या ओ दिली नाई. तुमाले माहीत आहे, मी देत नाई. तिसऱ्यांदा आली. मंग दिली. मोठ्यानं दिली."

"मंग?"

"मंग समोरच्या करवंदीच्या जाळीतून ते उठली."

बाबांनी हाताने अंतर दाखवलं. आमच्या अंगणातल्या तुळशीपासून शालिकभाऊंच्या कुंपणापर्यंत, दहाएक पावलं असेल.

"झोपली होती. माह्या आवाजानं उठली. पिल्लं होती मांगं. चाललो असतो तं तिच्या अंगावरच पाय पडता. ते उभी राह्यली, माह्याकडे पाहून राह्यली. तेवढ्यात पुन्हा हाक आली."

"चौथी?" शालिकभाऊंनी विचारलं.

"हो. चवथी. तवा म्या तोंड उघडलं नाई. कसं उघडणार बापा, समोर ते उभी." त्यांनी पाण्याचा गडवा तोंडाला लावला. "मंग पिल्लं घेऊन ते खाली उतरली नाल्यात. मी मांगं मांगं सरकत गेलो, अन् शेतातून फिरून आलो. म्हणून उशीर झाला."

शालिकभाऊ उठले आणि दुकानाच्या खोलीत गेले. कॉम्प्युटरच्या पडद्यावर त्या ओळी अजून तशाच होत्या. त्यांनी पुन्हा बोट लावून पाहिल्या. मग घरी गेले. त्या संध्याकाळी ते परत आले नाहीत. ते एरवी रोज येतात.

इथून पुढे मी जे तपासलं ते.

दुसऱ्या दिवशी सकाळी वनरक्षकाबरोबर आम्ही नाल्यावर गेलो. करवंदीच्या जाळीत गवत दबलेलं होतं. वाटेच्या धुळीत वाघिणीचे आणि दोन पिल्लांचे ठसे होते, नाल्याकडे उतरलेले. आमच्या झाडाकडून बाबांच्या चपलांचे ठसे जाळीच्या दिशेने आलेले, एका जागी थांबून खोल रुतलेले, आणि तिथून मागे फिरलेले. वनरक्षकाने फोटो काढले. त्याला मी फक्त एवढंच सांगितलं की वडील इथून परत फिरले.

भोंग्यावर कोणाचं नाव पुकारलं गेलं का, हे मी गाडीच्या ड्रायव्हरला विचारलं. ती ध्वनिफीत होती. दिवसभर तीच वाजत होती. तिच्यात कोणाचं नाव नाही. मी ती पूर्ण ऐकली.

चंद्रपूरला माझा एक मित्र आहे, ऑफिसांची नेटवर्क बसवतो. त्याला पडद्याचा फोटो पाठवला.

"यादीत जुनं नाव काही वेळ हिरवं राहतं," तो म्हणाला. "त्याचं काही नाही."

"आणि उत्तर?"

"त्या पत्त्यावर दुसरं काहीतरी असेल. शेजाऱ्याचा फोन वगैरे."

शेजाऱ्यांकडे आमचा पासवर्ड नाही. घरातली बाकीची यंत्रं आपापल्या पत्त्यावर होती. तसं त्याला सांगितलं.

"उत्तर यायला वेळ किती लागलाय ते बघितलंस का?" त्याने विचारलं. "आणखी जरासा उशीर झाला असता तर कॉम्प्युटरने वाट बघणं सोडलं असतं. घरातल्या घरात एवढा वेळ लागत नाही."

"मग कशात लागतो?"

"लांब असेल तर." मग म्हणाला, "तुझी वायर सैल असेल. बघून घे."

वायर पाहिली. सैल नव्हती. तरी बदलली.

मोबाइलचं राहिलं. बाबा अंगणात बसून सांगत होते तेव्हाच वंदनाने तो त्यांच्या खिशातून काढून घेतला होता. बंद होता. बटण दाबून काही झालं नाही. ती चार्जिंगला लावायला मधल्या खोलीत गेली आणि तिथून मला हाक मारली. बाबांच्या चार्जरची पिन एक्स्टेन्शन बोर्डामागे जमिनीवर पडलेली होती. तिच्या जागी मी शुक्रवारी आणलेल्या खोक्याची पिन होती.

"रात्रभर फोन वायरीले लावून होता," बाबा म्हणाले. "सकाळी काढला तं उघडला नाई. म्हटलं, बाबू उठला की पाहीन. खिशात टाकला अन् निघालो."

म्हणजे शनिवारी ते घरातून निघाले तेव्हाच मोबाइल बंद होता. वंदना म्हणाली, "पाह्यलं? म्या म्हटलं होतं, खिशात होता." मी हो म्हणालो.

मोबाइल चार्जिंगला लावल्यावर बराच वेळ पडदा काळाच राहिला. मग बॅटरीचं रिकामं चित्र आलं. पुरेसा चार्ज झाल्यावर वंदनाने तो सुरू केला आणि बाबांच्या हातात दिला. बाबा पलंगावर बसून मोहाचे फोटो पाहू लागले. मी दुकानात गेलो, 'डोमा' लिहिलं आणि एन्टर दाबलं.

पहिल्याच हाकेला उत्तर आलं. चारही हाकांना आलं. त्यानंतर मी अनेकदा करून पाहिलं आहे – मोबाइल पलंगावर असताना, ओसरीवर असताना, झोपेत असताना. उत्तर पहिल्या हाकेलाच येतं.